ला तोरकासाचा फलाट

शुक्रवारी संध्याकाळी कामावरून परतलेली नेली गाडीतून उतरली, आणि फलाटावरच्या खांबाला चिकटवलेल्या नव्या कागदापुढे थबकली. सोमवारपासून ला तोरकासाला एकही गाडी थांबणार नव्हती. फलाटाची कड खचली आहे, दुरुस्ती होईपर्यंत थांबा बंद.

‘होईपर्यंत’ हा शब्द तिने पुन्हा वाचला. अलीकडच्या स्टेशनालाही असंच ‘होईपर्यंत’ लागलं होतं. आता तिथे फलाटावर घोडे चरतात.

नेली बुएनोस आइरेसच्या एका इस्पितळात मदतनीस होती. सकाळची डिझेल गाडी गेली तर राहिली बस. तीही दोनदा बदलायची, आणि पाऊस झाला की तो मातीचा रस्ता बंदच. रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. उजाडल्याबरोबर स्टेशनसमोरच्या फेलिसाबाईच्या टपरीवर जाऊन उभी राहिली. म्हातारा एलादिओ आधीच तिथे ‘माते’ नावाच्या पाल्याचा कडू चहा नळीने ओढत बसला होता. उभी हयात त्याने याच स्टेशनात सिग्नल ओढण्यात घालवली होती.

“इंग्रजांनी रूळ टाकले तेव्हा इथे गोठ्यांशिवाय काही नव्हतं,” एलादिओ सांगू लागला. “माझा बाप दुधाचे कॅन चढवायचा. मग मांसाचा कारखाना आला. एक गाडी सुटली की मागोमाग दुसरी! कारखाना बुडाला, तशा गाड्याही आटल्या. तिकीटखिडकीला फळ्या ठोकल्या त्या दिवशी मी...”

“बाबा, ते सगळं पाठ आहे हो मला,” नेली म्हणाली. “आता करायचं काय ते बोला. कड खचली ना? मग आपणच बांधू.”

फेलिसा हसली. “आणि बांधणार कोण? गावात धड गवंडी एकच आहे. तो कोण, हे मी तुला सांगायला नको.”

नको होतं. ओविदिओ. नेलीचा नवरा. कामासाठी दक्षिणेत नेउकेनला गेला, चार वर्षं ना फोन ना निरोप. परत आला तेव्हा नेलीने दाराचं कुलूप बदललेलं होतं. तेव्हापासून तो रुळांपलीकडे बहिणीकडे राहत होता, आणि दोघं रस्त्यात समोरासमोर आली तरी एकमेकांकडे बघत नसत.

नेली त्याच्या फाटकाशी गेली खरी, पण टाळी वाजवून हाक द्यायला तिचा हात उचलेना. तोच बाहेर आला.

“काय गं? आणखी एखादं कुलूप बदलायचं राहिलं का?”

“फलाट बांधायचाय.”

“रेल्वेला विचारलंस?”

“रेल्वेला विचारत बसले तर नातवंडांच्या लग्नात उत्तर येईल.”

“म्हणजे बाईसाहेबांना गाडी पाहिजे, म्हणून मी घाम गाळू?”

“माझं सोड. तुझी बहीण डायलिसिसला कशाने जाते? खांद्यावर घेऊन जाणार आहेस तिला?”

आत बहिणीच्या खोकण्याचा आवाज आला. ओविदिओने मान खाजवली.

“वाळू कुठून आणणार?”

वाळू त्याच दुपारी एका भंगारवाल्याच्या घोडागाडीतून आली. दूध ठेवायची जुनी शेड पडली होती, तिथल्या विटा लोकांनी हातोहात आणल्या. फेलिसाने पुऱ्यांसारख्या जाडजूड तोर्ता फ्रिता तळून पाठवल्या. एलादिओ टोकाला खुर्ची टाकून बसला. गाडी आली की फडकं हलवायचा आणि सगळे मागे सरायचे. नेली पाणी आण, विटा दे, माल कालव, अशी नुसती भिरभिरत होती.

“अगं, जरा बूड टेक,” ओविदिओ ओरडला. “तू गरगर फिरलीस म्हणून सिमेंट लवकर धरत नाही.”

ती टेकली, आणि मग तोंडातून निघूनच गेलं, “एक निरोपही का नाही धाडलास रे?”

तो थापीने विटेची कड साफ करत राहिला. “गेल्या गेल्या काम सुटलं. लाज वाटली. मग त्या लाजेचीच सवय झाली.”

“आणि मी काय समजायचं? मेलास?”

“ते बरं झालं असतं, असं तेव्हा वाटायचं.”

नेली उठली आणि बादली घेऊन नळाकडे गेली.

रविवारी रात्री कड बांधून झाली. सोमवारी सकाळी गाडी भोंगा वाजवत आली आणि तशीच निघून गेली. लोक शिव्या देत राहिले. नेली बसने गेली, उशिरा पोचली, वरिष्ठ नर्सची बोलणी खाल्ली. दिवसभर तिचं कशातच लक्ष नव्हतं. संध्याकाळी डिझेल गाडी सुटते त्या स्टेशनात ती आली आणि थेट इंजिनापाशी गेली.

“ला तोरकासाला थांबा.”

“थांबायचा हुकूम नाही, बाई,” ड्रायव्हर म्हणाला.

“हुकूम नाही, पण फलाट आहे. नवा. बघायला म्हणून तरी गाडी हळू करा.”

प्रवासभर ती दाराशीच उभी होती. ला तोरकासा आलं तशी गाडी हळू झाली. अख्खी वस्ती भिंतीला पाठ लावून फलाटावर उभी होती. ओविदिओ नव्या कडेवर पाय रोवून उभा होता, ती भक्कम आहे हे दाखवायला. गाडी थांबली. नेली नव्या कडेवर उतरली.

त्या आठवड्यात रेल्वेचा तपासनीस आला. परवानगीशिवाय हात लावलात म्हणून तडतडला, खटल्याची धमकी दिली. हातोडीने कड वाजवत गेला आणि एक तुकडा पोकळ निघाला तो फोडायला लावला. ओविदिओने तो निमूटपणे पुन्हा बांधला. पुढे सकाळ-संध्याकाळच्या गाड्या थांबू लागल्या. दुपारची मात्र कायमची गेली; तिच्यासाठी एलादिओ अजून अर्ज करतो.

एका सकाळी ओविदिओ बहिणीला घेऊन नेलीच्याच डब्यात चढला. बहिणीला खिडकीशी डुलकी लागली.

“रविवारी येऊ का?” त्याने विचारलं.

“कशाला?”

“असंच. मातेचा चहा घ्यायला.”

“ये. पण बसायचं अंगणात. घरात यायचं नाही.”

“अंगणात तर अंगणात.”

नेलीचं उतरायचं स्टेशन अजून लांब होतं, तरी ती उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.