अठरा तारखेची एकटी बॅच

नोटीस बोर्डावर दोन याद्या शेजारी शेजारी चिकटवल्या होत्या. बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा, सतरा फेब्रुवारी २००६. संघरत्ना भालेरावचं नाव दोन्ही याद्यांत होतं. फिजिक्स, सकाळी अकरा. बायॉलॉजी, सकाळी अकरा. दुपारी काहीच नाही.

निम्म्या वर्गाचं सकाळी फिजिक्स आणि दुपारी बायॉलॉजी, उरलेल्यांचं उलट, असा बेत होता. पण फिजिक्सच्या तुळशीराम सरांनी यादी केली बोर्डाच्या सीट नंबरावरून, आणि बायॉलॉजीच्या मृणाली मॅडमनी हजेरीच्या रोल नंबरावरून. दोन्ही नंबर आडनावांच्याच इंग्रजी क्रमानं, त्यामुळे चाळीस जणांचं बरोबर जमलं. संघरत्ना अंबाडीहून उशिरा, ऑगस्टात आलेली. तिचा सीट नंबर पहिल्या पाचात आणि रोल नंबर एकेचाळीस, सगळ्यात शेवटी. दोन याद्या एकदा शेजारी धरल्या असत्या तरी दिसलं असतं. पण सर आणि मॅडम दिवाळीपासून बोलत नव्हते. भांडण कपाटाच्या किल्लीवरून.

सोळा तारखेला दुपारी संघरत्ना आईला घेऊन ऑफिसात उभी राहिली. चंपा सरकारी दवाखान्यात आया. अर्धी ड्युटी सोडून, युनिफॉर्मवरच आलेली.

हेडक्लार्क रामनाथनं मान वर न करता सांगितलं, "अर्ज लिहा. प्रिन्सिपॉलची सही आणा."

"प्रिन्सिपॉल कुठं हायत?"

"वडप्याला. पुतण्याचा साखरपुडा."

"येनार कवा?"

"आता मावशी, मुहूर्त काय मी काढलाय?"

तुळशीराम सरांकडे गेल्या, तर सर म्हणाले, "माझी यादी बरोबर आहे. मॅडमना बदलायला सांगा." मॅडम म्हणाल्या, "माझी दुपारची बॅच भरली. मायक्रोस्कोप मोजकेच आहेत. सरांना सांगा." असे तीन जिने वर, तीन जिने खाली, चार फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला सरांनी प्रेमानं सल्ला दिला, "एक विषय ऑक्टोबरला दे. काय बिघडतं?"

बिघडत होतं ते एवढंच, की बायॉलॉजीला गैरहजर म्हणजे नापास, आणि नापास म्हणजे मेडिकलची सीईटी कितीही चांगली गेली तरी यंदाची ॲडमिशन गेली. सरांच्या लेखी ते काहीच नव्हतं. त्यांची मुलगी आर्ट्सला होती.

संघरत्ना ऑफिसात परत आली ती दात आवळून. "रामनाथभाऊ, एकाच दिवसात दोन्ही विषय कोंबायची काय घाई होती?"

रामनाथचंही सरांशी फारसं जमत नव्हतं. तो खुशीत आला. "अरे, परवा बाहेरच्या परीक्षकांना अकलोलीला न्यायचंय ना! गरम पाण्याची कुंडं, मग जेवण. पाहुणचार नको?"

"म्हणजे अठरा तारीख त्यांना बोर्डानंच दिलीय?"

रामनाथ हसला. एक फाईल काढून टेबलावर उघडी ठेवली आणि म्हणाला, "मैं जरा पानी पीके आता हूँ."

पत्रात स्वच्छ लिहिलं होतं: परीक्षकांची नेमणूक, दिनांक १७ व १८.

संघरत्ना थेट स्टाफरूममध्ये घुसली. "मॅडम, अठरा तारीख परीक्षेची आहे. माझं बायॉलॉजी अठराला घ्या."

मॅडमचा चेहरा उतरला, मग चढला. "एका मुलीसाठी दोन माणसं अडवून ठेवायची?"

"दोन माणसांसाठी माझं वर्ष अडवलं, ते?"

"आवाज खाली!" सर कोपऱ्यातून गरजले. दिवाळीनंतर पहिल्यांदाच दोघं एका बाजूला आले. "उशिरा ॲडमिशन घेतलीस, तेव्हा कळलं नाही?"

आता चंपा पुढे झाली. "सर, उशिरा आली म्हनून फी कमी घेतली व्हती का? न्हाय ना? मंग परीक्षा पन पुरी घ्या. न्हायतर आत्ताच वाशीला जाते, बोर्डात. आर्धी रजा टाकलीच हाय, पुरी टाकते."

शेवटी मॅडमनी पेन उघडलं, यादीवरची अकराची वेळ खोडली आणि '१८, सकाळी ११' असं इतकं दाबून लिहिलं की कागद फाटला.

"मार्क माझ्या हातात आहेत, विसरू नकोस."

"अर्धे, मॅडम. अर्धे बाहेरच्या परीक्षक मॅडमच्या."

अठराला लॅबमध्ये एकच विद्यार्थिनी होती, आणि समोर दोन परीक्षक. बाहेरच्या मॅडमना कुणी काही सांगितलेलं नव्हतं, त्या शांतपणे वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. मृणाली मॅडम मात्र दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होत्या. खोडाचा आडवा छेद घ्यायचा होता. साडेबारापर्यंत संघरत्नाची स्लाइड तयार झाली. बरी होती. पास व्हायला पुरेशी.

"झालं ना? मग दे इकडे, उरक आता," मृणाली मॅडम म्हणाल्या.

संघरत्नाचे कान अजून तापलेलेच होते. "दोन वाजेपर्यंत वेळ आहे, मॅडम."

"काय करणार तोवर?"

"हा काप जाड आलाय."

तिनं स्लाइड बाजूला सारली आणि ब्लेड पुन्हा उचललं.