रणदुंदुभी आणि आत्या

दादा आणि त्याचा मित्र आमच्या मागच्या खोलीत बसून गेली दोन वर्षं एक गेम बनवत होते. मित्राला घरात आम्ही सेनापती म्हणतो, कारण त्याला स्वतःच्या चपला सापडत नाहीत, पण घोडदळ कुठे उभं करावं यावर तो तासभर बोलतो. गेम म्हणजे षटकोनी घरांचा नकाशा आणि त्यावर दोन सैन्यं. एक चाल तुमची, एक कॉम्प्युटरची. थोडक्यात बुद्धिबळच, फक्त प्याद्यांना दाढ्या. तुम्ही चाल करेपर्यंत शत्रू मुकाट उभा राहतो, मग तुम्ही जेवून या नाहीतर झोप काढा.

मला त्याचं संगीत करायचं होतं. मी सहाव्या वर्षापासून कीबोर्ड वाजवते आणि तीन धुना तयारही ठेवल्या होत्या. दादाने त्या ऐकायच्या आधीच माझ्या डोक्यावर थोपटलं. सेनापती म्हणाला, "यात युद्ध आहे, वाढदिवस नाही."

मग त्यांनी एक उस्ताद आणला. हे नाव माझं. तो स्वतःला ध्वनिलेखक म्हणवतो आणि भर उन्हाळ्यात गळ्यात मफलर घालतो. त्याने एक संध्याकाळ दोघांना खेळताना पाहिलं. त्यांना गेम तोंडपाठ, त्यामुळे टकाटक चाली. उस्तादने गंभीरपणे मान डोलावली आणि आठवड्याने रणदुंदुभी घेऊन आला. ढोल, कॉम्प्युटरमधून काढलेले शंभर गायक, एका बाईचा विलाप आणि शेवटी झांजांचा दणका. दादा खेळला की दणका बरोबर शत्रू पडताना व्हायचा. खरंच जमायचं ते, म्हणून तर मी जास्त पेटले.

रविवारी छोट्या गेमांच्या प्रदर्शनात हा गेम मांडायचा होता. त्यात जे संगीत जाईल तेच कायमचं, असं ठरलं होतं. त्याआधी नवख्या माणसाच्या हातात देऊन बघावं, असं दोन वर्षांत पहिल्यांदाच दादाला सुचलं. मी आत्याला बोलावलं. आत्या शब्दकोडं पेनाने सोडवते आणि उत्तर सापडेपर्यंत फोनसुद्धा उचलत नाही.

ती बसली, चष्मा लावला, नकाशा बघू लागली. ढोल सुरू झाले. गायक आले, बाई रडली, झांजा आदळल्या. आत्याचं एक प्यादंही हललं नव्हतं. पुन्हा ढोल. बाई तिसऱ्यांदा रडून झाली तेव्हा आत्याने आवाजाचं बटण शोधलं, बंद केलं आणि हनुवटीला हात लावून सुखाने विचार करू लागली.

उस्ताद दादाला म्हणाला की काही खेळाडू मंद असतात.

"अहो, विचार करायचाच गेम आहे ना हा?" आत्या मान न वळवता म्हणाली. "मग करू द्या की."

मी कीबोर्ड उचलून आणला आणि तिच्या मागे उभी राहून वाजवू लागले. धून नाहीच, एक खालचा सूर, श्वासासारखा, ज्याला शेवटच नाही. तिने चाल केली की एक ठोका. शत्रू जवळ आला की वर दुसरा सूर, जरा खटकणारा. आत्या मला विसरूनच गेली. बोटं दुखायला लागली तरी मी थांबले नाही. तिचा धनुर्धारी कडेने वेढला जात होता. मी तो खटकणारा सूर चढवला.

"थांब, काहीतरी चुकतंय माझं," ती स्वतःशीच पुटपुटली आणि धनुर्धाऱ्याला मागे घेतलं.

सेनापतीचा जबडा खाली आला. दादाने घसा साफ केला. हे घेऊया म्हणाला. नाव अर्थात उस्तादांचंच राहील, माझे शेवटी आभार मानू.

मी कीबोर्डची वायर काढली.

"अगं, बंद का केलंस?" आत्या वळली. "मला पुढे खेळायचंय." मग तिने दादाकडे पाहिलं, लहानपणी त्याने फुलदाणी फोडल्यावर पाहायची तसं.

दादाने तिथेच माझं नाव टाइप केलं, पहिल्या पडद्यावर, एकटं. त्याने ते सेव्ह केल्यावरच मी वायर परत लावली.

रणदुंदुभी त्यांनी फेकून दिली नाही, उस्ताद रुसला असता. ती आता गेम संपल्यावर नावांची यादी सरकते तेव्हा वाजते. माझे सूर रविवारपर्यंत गेममध्ये बसवले होते, आणि प्रदर्शनात मी दिवसभर उभी होते. ती यादी बघायला उस्ताद सोडून कुणी थांबलं नाही.