खेमराजची नजर आणि उदारामची सिमला मिरची

मत्सर नसता तर माणूस अजून गुहेतच राहिला असता. शेजाऱ्याची गुहा मोठी दिसली म्हणून घरे झाली, शेजाऱ्याचे घर उंच दिसले म्हणून राजवाडे झाले, आणि दोन राजवाडे जवळजवळ आले म्हणून इतिहास झाला. गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या पलीकडे असलेल्या आमच्या गावात मात्र या थोर शक्तीच्या हातून एवढेच घडले, की खेमराज रोज सकाळी तोंडात कडुलिंबाचे दातून धरून उदारामच्या मिरच्यांकडे बघत उभा राहू लागला.

मिरच्या साध्या नव्हत्या. उदारामने यंदा उभारलेल्या पॉलीहाऊसमधल्या, लाल-पिवळ्या होणाऱ्या सिमला मिरच्या होत्या. खेमराज आणि उदाराम यांच्या शेतांना बांध एकच. दोघेही धानच लावत होते, तोवर दोघांचे उत्तम चालले होते. खेमराजच्या घराण्याने गावचा तलाव बांधला होता. कोणत्या पणजोबाने बांधला हे सांगताना पणजोबा बदलत, तलाव तोच राही. पाहुणे आले की गावकरी आधी तलाव दाखवत आणि खेमराज शेजारी आपणच खोदल्यासारखा उभा राही. आता पाहुणे तलावाच्या पाळीवरून सरळ पुढे जात आणि मिरचीजवळ फोटो काढत.

शिवाय त्या झाडांचे लाड बघवत नसत. वर तारा ताणलेल्या, तारेवरून प्रत्येक झाडाला वेगळी दोरी. झाड वाढेल तसे उदाराम त्याला दोरीभोवती हलकेच गुंडाळायचा, दोन फांद्या ठेवून बाजूचे फुटवे खुडायचा, आणि पहिलेवहिले फळ झाड दमू नये म्हणून तोडून टाकायचा. दिवसा हवा लागावी म्हणून बाजूचे पडदे वर, संध्याकाळी थंडी लागू नये म्हणून खाली. खेमराजला लग्नानंतर इतक्या वेळेवर कोणी पांघरूण घातले नव्हते.

त्याने मग अभ्यास सुरू केला. दुपारी जेवण झाले की मोबाइलवर सिमला मिरचीच्या रोगांचे व्हिडिओ लावायचा. मर, भुरी, करपा, फूलकिडे, सगळे मन लावून बघायचा आणि उपाय सुरू झाला की बंद करायचा.

कार्तिकात, झाडे कमरेच्या वर गेली आणि फुलांनी भरली असताना, उदारामच्या मिरचीची पाने होडीसारखी वर वळू लागली. फुले गळू लागली. उदारामने पाणी वाढवून पाहिले, कमी करून पाहिले. त्याची बायको सुशिलाबाई एवढ्या तपशिलात शिरली नाही. दुसऱ्या दिवशी खेमराज दातून घेऊन आला, तेव्हा ती जाळीच्या बाहेर, तो रोज उभा राही नेमक्या त्या जागेची माती पदरात भरत होती.

"तुमच्याच पायाखालची हाये, भाऊजी," ती म्हणाली. "मीठ-मोहरीत टाकून जाळाची हाये."

खेमराजला अपमान वाटला, आणि खोटे कशाला सांगा, थोडे बरेही वाटले. आपल्या हातून आजवर एक काम धड झाले नाही, असे त्याची बायको चंद्रकांता नेहमी म्हणे. आता हात न लावता एवढे झाले होते.

पण बातमी कुडव्याला पोहोचली आणि बरे वाटणे तिथेच संपले. कुडव्याला त्याची लेक भूमिका दिली होती. दवाखाना जवळ म्हणून बाळंतपण सासरीच झाले होते, मुलगी झाली होती आणि खेमराजने नातीला अजून पाहिले नव्हते. तो निघतो म्हणाला की भूमिकेच्या सासूबाई, जमुनाबाई, बाळ झोपले आहे म्हणत. पुढच्या वेळी बाळाला सर्दी झाली. त्यानंतर त्यांनी आडपडदा ठेवला नाही. चंद्रकांताला फोनवर म्हणाल्या, "तुम्ही या ना, समधनजी. समधीजींले मात्र मिरची ठीक झाल्यावर आणा."

चंद्रकांता एकटी जाऊन आली. खेमराज ओसरीतच वाट बघत बसला होता. कशी आहे, त्याने विचारले.

"नाक तुमच्यावर गेलं हाये," ती चपला काढत म्हणाली. "डोळे नाही. देवाची कृपा."

त्या दुपारी खेमराजने सगळे व्हिडिओ पुन्हा लावले. पूर्वार्ध त्याला पाठ होताच, उत्तरार्ध त्याने प्रथमच पाहिला.

सकाळी तो पॉलीहाऊसच्या दारात गेला, तर उदाराम दाराला लिंबू-मिरची बांधत होता. आत शेकडो झाडे मिरच्यांची होती, आणि त्यांच्या रक्षणासाठी बाजारातून मिरची विकत आणली होती. खेमराज आत शिरला, एक फूल तळहातावर झटकले आणि हात उदारामच्या नाकापुढे धरला. तळहातावर सुईच्या टोकाएवढे पिवळे किडे इकडेतिकडे पळत होते.

"बघ. माही नजर अशी पळते का?"

उदारामने विचारले, तुले हे कसं मालूम? खेमराजने सांगितले की मिरचीबद्दल त्याला पहिल्यापासून ओढ होती.

तेव्हापासून तो रोज आत. वळलेले शेंडे खुडून पिशवीत भरायचे आणि बाहेर नेऊन जाळायचे. किडे चिकटावेत म्हणून ओळीओळीत निळे चिकट पत्रे टांगायचे. ऊन उतरल्यावर गोंदियाहून आणलेले औषध पानांच्या खालून मारायचे, तण उपटायचे, सैल झालेली दोरी पुन्हा बांधायची. स्वतःचा धान कापणीला आला होता, त्यावर चंद्रकांता मजूर घेऊन उभी होती. तिने विचारलेच, "दुसऱ्याच्या मिरचीत काऊन मरून राहिले?" आणि तो खरोखरच मरून राहिला होता. पान सरळ झाले की नातीकडे एक पाऊल पडे आणि काळजात एक काटा जाई. फूल टिकले की दोन काटे. ज्या झाडांच्या तेराव्याची तो वाट पाहत होता, त्यांचे बारसे त्याच्याच हातून होत होते.

नव्या पानाचा फोटो तो रोज कुडव्याला पाठवी. जमुनाबाई चष्मा लावून तपासत. एकदा उत्तर आले, "ये पत्ता अभी टेढ़ा है." खेमराज ते पान शोधायला परत गेला, पण हजारो पानांत ते काही सापडले नाही. मग त्याने दुसरे सरळ पान शोधून त्याचा फोटो पाठवला.

मिरच्या धरल्या. मग फुगल्या. मग लाल झाल्या, आणि पहिल्यापेक्षा मोठ्या झाल्या. हे औषधाच्या बाटलीवर कुठे लिहिले नव्हते. पाहुणे पुन्हा येऊ लागले, उदाराम फोटोत मधोमध उभा राही आणि खेमराज पडदा वर धरून. पूर्वी दुसऱ्याची मिरची चांगली आहे एवढेच दुःख होते. आता आपण केलेली मिरची दुसऱ्याची आहे, हे त्यात मिळाले. एका पाहुण्याने तर त्याला विचारले, तुम्ही इथे कामाला असता का?

उदारामने मात्र एक केले. चहाच्या टपरीवर, चार लोकांत, त्याने जाहीर केले की खेमराजभाऊची नजर साफ आहे, त्यात काही दम नाही. शब्द जरा बरे निवडता आले असते. पण त्याच संध्याकाळी कुडव्याहून फोन आला. जमुनाबाई म्हणाल्या, रविवारी दोघेही या, जेवूनच जा.

रविवारी खेमराजने इस्त्रीचा सदरा घातला. नातीसाठी चांदीचे वाळे घेतले, ते तीनदा खिशात चाचपले. चंद्रकांता मागे बसली आणि गाडी निघाली. पॉलीहाऊसजवळ उदाराम रस्त्यातच उभा होता. हातात लाल-पिवळ्या मिरच्यांची पिशवी होती. समधनबाईंना द्या म्हणत त्याने ती चंद्रकांताच्या मांडीवर ठेवली. मग पुढे येऊन हँडलवरच्या खेमराजच्या हातावर हात ठेवला. हा आता आभार मानणार, या विचाराने खेमराज आधीच लाजला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला उदाराम चांगला माणूस वाटला.

उदारामने आजूबाजूला पाहिले आणि आवाज खाली केला.

"नागऱ्यावरूनच जाशील ना? तथी गुलाबचंदनं आपल्या दुप्पट मिरची लावली हाये, रोडच्या बाजूलेच. काही करू नको, भाऊ. दोन मिनिटं गाडी थांबव अन् फक्त पाहून घे."