अंगावर काढलेली दाढ

“डोकं घट्ट धर,” उस्ताद म्हणाला आणि त्याने पक्कड स्वतःच्याच तोंडात घातली.

धाकट्या भावाने मागून त्याचं डोकं छातीशी आवळलं. ट्रकच्या बंपरवर आरसा टेकवला होता. उस्तादाने हिसका दिला. कडकन आवाज झाला, तो गुडघ्यांवर आला आणि रक्त थुंकला. पकडीत दाढेचा वरचा तुकडा होता. मुळं आतच राहिली.

“दादा, दवाखान्यात जाऊ या.”

“दात घशात घालीन तुझे.”

हे वाक्य गॅरेजमध्ये सगळ्यांना पाठ होतं. पाना द्यायला उशीर झाला तरी तो हेच म्हणायचा, आणि कधी कधी हातही उचलायचा. पण कुणाची गाडी भर रस्त्यात बंद पडली, तर जेवणावरून उठून जाणाराही तोच.

दाढ दोन वर्षं किडत होती. ठणका लागला की तो तिथे तंबाखू दाबायचा. बायको म्हणायची, “अहो, दाखवून तरी या.” तो हसण्यावारी न्यायचा. धिप्पाड नवरा सुईला घाबरतो, हे एकट्या तिलाच ठाऊक होतं.

पक्कड लावल्यानंतर गाल टरारून सुजला. मग सूज हनुवटीखाली उतरली, लाकडासारखी कडक. तोंड उघडेना, लाळ गळू लागली. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून तो भिंतीला टेकून तापाने फणफणत बसला.

बायकोने दिराला बोलावलं आणि नवऱ्याच्या दंडाला धरलं. त्याने तिला भिंतीवर भिरकावलं. मध्ये पडलेल्या भावाचा ओठ ठोशाने फाटला. त्या भावाने आयुष्यात पहिल्यांदा दादावर हात उचलला. दोघं भांड्यांत कोसळले. भावाने त्याचे पाय दाबून धरले, आणि गाडी ओढायची दोरी आणून तिने नवऱ्याचे हात बांधले. तिच्या कपाळावरून रक्त ओघळत होतं.

“आधी जगा,” ती म्हणाली, “मग काय मारायचं ते मारा.”

इस्पितळात सर्जनबाईंनी त्याला आडवं करू दिलं नाही. “झोपवून भूल दिली तर श्वास बंद पडेल. जागेपणीच गळ्यात नळी घालावी लागेल.”

चौघांनी त्याला दाबून धरलं. सुई टोचली तेव्हा तो असा उसळला की ट्रे उडून भिंतीवर आदळला. गळ्याला छेद देऊन नळी बसवली आणि मगच पूर्ण भूल दिली. हनुवटीखाली चीर पडताच पू उसळून बाईंच्या हातांवर आला.

“हे कधीपासून होतं?” नंतर त्यांनी बाहेर येऊन विचारलं.

“दोन वर्षं,” बायको म्हणाली.

“सुरुवातीला कीड साफ करून दाढ भरता आली असती. अर्ध्या तासाचं काम. आता विष हाडात उतरलंय.”

जबड्याचं डावं हाड काढावं लागलं.

घरी आल्यावर भाऊ म्हणाला, “दादा, जिवावरचं जबड्यावर निभावलं.” उस्ताद हसायला गेला, पण तोंड एकाच बाजूला ओढलं गेलं. बोलणं कुणाला नीट कळेना. ओरडणं तर संपलंच.

“पुन्हा अंगावर हात टाकलात तर मी घर सोडेन,” बायकोने एका सकाळी शांतपणे सांगितलं. त्याने होकारार्थी मान हलवली. मग तिच्या गालाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. तिला दोनदा ऐकावं लागलं.

“हो, माझीही एक दुखते,” ती म्हणाली. “मधूनमधून.”

त्याने गाडीची किल्ली घेतली. दाताच्या दवाखान्यात आतून मशीनचा आवाज येत होता आणि तो बाकाच्या कडा धरून घामाघूम होऊन बसला होता. दाढ भरून ती बाहेर आली, तेव्हा तो आपल्या पायांवर उभा राहिला आणि स्वतःचं तोंड तपासून घ्यायला आत गेला.

जेवताना मात्र तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. कालवलेला मऊ घास ओठांतून निसटायचा, हनुवटीवरून ओघळायचा. दवाखान्यातून परतल्यावर त्या दुपारी बायकोने आपलं ताट उचललं आणि भिंत व तो यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत येऊन बसली. तिने वर पाहिलं नाही, जेवायला लागली.

तो थोडा मागे सरकला. तिला पाय पसरता येतील एवढा. मग हनुवटीखाली टॉवेल धरून त्याने पुढचा घास घेतला.