तोरणाचा तिसरा लिलाव

रविवारी दुपारी साडेबाराला धानाच्या लोंब्यांचे तोरण तिसऱ्यांदा विकले गेले. बोली अकराशे रुपयांवर थांबली. घेणारा भुपेंद्र, तीन ट्रकांचा मालक. पुकारणारा हेमराज, खाणीतला पंपचालक. ठिकाण चिखल्याच्या खाण वसाहतीतल्या लहानशा चर्चसमोरचा मांडव, निमित्त कापणीचा सण. टाळ्या वाजल्या. जिने ते तोरण गुंफून आणले होते ती म्हातारी तोवर चपला घालून फाटकाबाहेर पडली होती. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या हे लक्षात आले नाही. हेमराजच्या आले होते.

कापणीचा सण इथे धान घरात आल्यावर होतो. ज्याच्या शेतात जे पिकले ते तो वेदीपुढे आणून ठेवतो. ज्याला शेत नाही तो परसातला भोपळा, पपई, एखादी कोंबडी, नाहीतर घरचे लोणचे आणतो. उपासना संपली की हे सारे मांडवातल्या टेबलावर येते आणि त्याचा लिलाव होतो. पैसा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामाला लागतो. घेणाऱ्याने वस्तू घरी न्यावीच असे नाही. उलट ‘परत अर्पण’ म्हणून ती पुन्हा टेबलावर ठेवली तर त्याचे कौतुक होते. एकदा एकच भोपळा चार जणांनी विकत घेतला आणि शेवटी उपासना चालवणाऱ्या पाळकांच्या घरी शिजला, ही गोष्ट मंडळीत अजून रंगवून सांगतात.

यंदाचा पैसा तरुण संघाच्या कीबोर्डसाठी होता. जुन्या पेटीचा भाता फाटला होता आणि पोरे मोबाइलवर सूर धरून गात होती. हेमराजची मुलगी तृप्ती संघाची सचिव. वर्षभर त्यांनी केक विकले, मोटारसायकली धुतल्या, रद्दी गोळा केली, तरी रक्कम भरत नव्हती. सणाच्या सकाळी बापाच्या सदऱ्याची कॉलर नीट करत ती म्हणाली होती, “पप्पा, आता सगळं तुमच्या गळ्यावर आहे.”

हेमराजचा गळा ही मंडळीची मालमत्ता होती. जमिनीखाली पंपाच्या घरघरीत उभी उमर ओरडून बोलल्याने त्याला खरे तर माइकची गरज नव्हती. त्याची रीतही ठरलेली होती. नाव घेऊन टोमणा मारायचा, लोक हसले की बोली वर न्यायची. “अनुपभाऊ, बोनस झाल्यापासून खिशात हात घातला, तो अजून निघूनच नाही राहिला का?” माणूस लाजून पन्नास रुपये वाढवत असे.

तोरण आणणारी पार्वताबाई आंबागडची. किल्ल्याच्या पायथ्याशी थोडी धानाची शेती, नवरा नाही. तिची मुलगी उर्वशी पावसाळ्यात बाळंतपणात अडली. त्या दवाखान्यात आया असलेली हेमराजची बायको निर्मलाबाई पोरीच्या खाटेशी बसून प्रार्थना करत राहिली. पोर वाचली, बाळही वाचले. तेव्हा पार्वताबाई बोलली होती, धानाच्या बांधीतल्या पहिल्या लोंब्या तुमच्या देवापुढे ठेवीन. तेव्हापासून अधूनमधून ती रविवारी चर्चमध्ये येऊन दाराजवळ बसत असे. कापणीच्या सणाला ती पहिल्यांदाच आली होती. लिलावाचे तिला कोणी सांगितले नव्हते. सांगायला हवे असे कोणाला वाटलेही नव्हते.

पहिल्या खेपेला ते तोरण भुपेंद्रने दीडशेला घेतले आणि रिवाजाप्रमाणे परत ठेवले. दुसऱ्या खेपेला हेमराजने ते उचलून स्वतःच्या गळ्यात घातले.

“पाहा बरं, नवरदेव दिसून राहिलो का नाही? बोला, नवरदेवाची किंमत बोला.”

“नवरदेव जुना हाय,” मागून कोणीतरी म्हणाले, “मालाचेच पैसे लावा.”

मांडव हसला. त्या हशात मागच्या रांगेतून एक बारीक आवाज आला. “दोनशे.”

पार्वताबाई उभी होती.

“घ्या! ज्याचं त्यालेच पायजे,” हेमराज म्हणाला. “मावशी, आपल्या घरचा माल लयच गोड लागते वाटते.”

“अडीचशे,” भुपेंद्र म्हणाला.

“तीनशे.”

“भुपेंद्रभाऊ, मावशी भारी पडून राहिली. एक ट्रक विका, पण हरू नका.”

“साडेतीनशे,” भुपेंद्र हसत म्हणाला.

म्हातारीने पिशवीत हात घातला, तळाशी चाचपले. “चारशे.”

तेव्हा हेमराजने तिच्याकडे नीट पाहिले. बोली लावणारे एकमेकांकडे पाहतात, आजूबाजूला पाहतात, हसतात. ही हसत नव्हती. ती त्याच्या गळ्याकडे पाहत होती. काहीतरी चुकते आहे हे त्याला त्या क्षणी कळले. काय चुकते आहे ते कळले नाही, आणि थांबून विचारावे एवढा वेळ त्याने स्वतःला दिला नाही. मांडव रंगात आला होता.

“चारशे, एक वार! भुपेंद्रभाऊ, डोळा लागला का?”

भुपेंद्रने हात जोडले. “जाऊ द्या जी. मावशीले घेऊ द्या.”

पार्वताबाईने पैसे दिले, दोन्ही हातांनी तोरण घेतले, चर्चमध्ये गेली, ते वेदीपुढे जसे होते तसे ठेवले आणि जमिनीला डोके टेकले. दारातून सगळ्यांना दिसत होते. टाळ्या पडल्या. “परत अर्पण,” कोणीतरी म्हणाले, “याले म्हणते मन.” तृप्ती धावत आत गेली आणि तोरण उचलून टेबलावर घेऊन आली. म्हातारी तिच्या मागोमाग आली.

“राहू दे ना माय तिथं,” ती तृप्तीला म्हणाली.

तृप्तीने बापाकडे पाहिले. हेमराजने माइक तोंडाशी नेला. “मावशी, आपल्याइथं असंच चालते. जितक्यांदा विकलं तितकी बरकत.”

आणि त्याने तिसरा लिलाव पुकारला.

घरी जेवताना तृप्ती खुशीत होती. “पप्पा, त्या तोरणानंच तारलं आपल्याला. कीबोर्ड पक्का.”

निर्मलाबाईने भात वाढला. वाढून झाल्यावर म्हणाली, “पार्वताबाईनं मले बसच्या तिकिटाचे पैसे मागितले.”

“काहून?” हेमराजने विचारले.

“काहून म्हणजे? तुमी ठेवले का तिच्यापाशी?”

तिने वरणाचे भांडे पुढे सरकवले. मग म्हणाली, “रडली-बिडली नाही. मले म्हणे, बाई, आमच्यात देवापुढं ठेवलेलं इकत नाही. तुमच्यात इकते, हे मले ठाऊक नव्हतं. गळ्यात घालून तमाशा करून राहिला म्हणून म्या सोडवून आणलं, देवाचं देवाजवळ नेऊन ठेवलं. तर त्यानं पुन्हा काढलं.”

“मग तिनं तसं सांगायचं ना तिथंच,” तृप्ती म्हणाली.

“कोणाले सांगन? माइक तुह्या बापापाशी होता.”

हेमराजने भात संपवला. टाकून उठणे म्हणजे आणखी एक तमाशा झाला असता.

सोमवारी पहिली पाळी सुटल्यावर त्याने खाणीच्या गेटाबाहेर भुपेंद्रला गाठले. तोरण असेल तर दे म्हणाला.

“ते काय ठेवलं हाय आता?” भुपेंद्र म्हणाला. “ट्रकच्या तोंडाले बांधलं होतं, लिंबू-मिरचीच्या बाजूले. ड्रायव्हर बालाघाटले जाऊन आला, नुसती दोरी राहिली. काहून? चौथ्यांदा विकतो का?”

तो हसला. हेमराजही हसला. सायकल काढून दोन वळणे मागे पडल्यावर आपण का हसलो याचा त्याला राग आला.

साप्ताहिक सुटीला तो आंबागडला गेला. पार्वताबाई अंगणात धान पाखडत होती. तिने सूप ठेवले, खाट टाकली, पाणी दिले, उर्वशीला चहा मांडायला सांगितले. पाहुण्याचे जे करायचे ते सगळे केले. हेमराजने वाटेत जुळवून आणलेले बोलणे सुरू केले.

“मावशी, त्या दिवशी ते... आमच्याकडची रीत अशी हाय का...”

“हाव, निर्मलाबाईनं सांगितलं मले.”

“पैसा पोरायच्याच कामाचा होता. बाजा घ्यायचा हाय त्यायले.”

“चांगलं हाय. गाणं म्हणतात पोरं.”

त्याने खिशातून चारशे रुपये काढून खाटेवर ठेवले. तिने नोटांकडे पाहिले, हात लावला नाही.

“हे कायचे?”

“तुमचेच हायेत.”

“माहे कसे? म्या बोली लावली, बोलीचे पैसे देल्ले. आता वापस घेतले तर माही बोली खोटी झाली ना.” मग म्हणाली, “ठेवा जी खिशात. चहा घ्या.”

त्याने नोटा उचलल्या. उर्वशी चहा घेऊन आली, बाळ कडेवर होते. “काका, पाहा, आता मान धरते,” ती म्हणाली. तिला काही माहीत नसावे. बाळाने हेमराजचे बोट धरले. त्याला ते सोडवून घेताही येईना आणि धरू देताही येईना.

उर्वशी आत गेल्यावर पार्वताबाईने पुन्हा सूप हातात घेतले. पाखडता पाखडता तिने विचारले, “एक सांगा. तुमी ते गळ्यात काहून घातलं?”

हेमराजला खोटे बोलता आले असते. “लोक हसावे म्हणून,” तो म्हणाला.

“हाव,” ती म्हणाली. “हसले.”

त्यात टोमणा नव्हता. ती नुसते जे झाले ते सांगत होती. तो उठला तेव्हा तिने “येत जा” म्हटले आणि फाटकापर्यंत आली. माफी मागायची राहून गेली, हे त्याला डांबरी रस्त्याला लागल्यावर आठवले. परत फिरला नाही. पाळकांना मात्र सांगून टाकले की पुढल्या वर्षी लिलाव दुसऱ्या कोणाला द्या. पाळक म्हणाले, “अरे, तुझ्याशिवाय कोण लोकांना हसवील?” ते कौतुकाने म्हणाले होते.

कीबोर्ड नाताळाच्या आधीच्या आठवड्यात आला. तृप्तीने त्यावर पांढरे कापड पांघरायला शिवले, दोऱ्याने दात्यांची नावे भरायचे ठरले होते, पण तिने काही भरले नाही. कोणी विचारले तर वेळ मिळाला नाही म्हणते. त्या रविवारी पार्वताबाई आली. आपल्या नेहमीच्या जागी बसली, गाणी ऐकली, एका गाण्याला मांडीवर बोटांनी ताल धरला. हेमराजला हायसे वाटले.

मग अर्पणाचे गीत सुरू झाले. दानाचे पैसे गोळा करायची झोळी फिरवायची पाळी हेमराजची होती. पुरुषांची बाजू आटोपून तो बायकांकडे वळला, तशी पार्वताबाई उठली आणि बाहेर नळापाशी जाऊन उभी राहिली. झोळी वेदीपाशी पोचली, त्यावर प्रार्थना झाली, तेव्हा ती परत येऊन बसली. नाताळाच्या उपासनेलाही असेच झाले, नवीन वर्षाच्या उपासनेलाही. निर्मलाबाईने हळूच विचारले, तर म्हणाली, तहान लागते.

हेमराजने स्वतःची समजूत घातली की तिला आपले तोंड पाहायचे नसेल. ते त्याला मान्य होते. गेल्या रविवारी त्याने झोळी अनुपच्या हाती दिली आणि स्वतः मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला, तिला दिसणार नाही असा. गीत सुरू झाले. अनुप बायकांच्या बाजूला वळला.

ती उठून बाहेर गेली.