खाडीचा बांध

आत्माराम गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्याने बांधाच्या तुटक्या कडेवरून हात फिरवला. भरतीचा जोर ओसरला होता, पण आत शिरलेलं खारं पाणी शेतभर पसरून होतं. हिरव्या भाताची फक्त टोकं वर दिसत होती. आपसूक फुटलेले बांध त्याने आयुष्यभर पाहिले होते. त्यांच्या कडा खाल्ल्यासारख्या होतात. ही कड सरळ होती, आणि वरच्या हातभर मातीत फावड्याचे घाव होते. कुणीतरी अमावास्येची भरती साधून बांध खणला होता.

पूर्वी वैशाखात जमीनवाल्या प्रत्येक घरातून एक माणूस या बांधावर माती टाकायला येई. चाळीस घरं होती. एकेकाने जमीन विकली, आणि आता इमारतींची वाट बघत पडलेल्या त्या जमिनीत पाणी गोडं आलं काय नि खारं आलं काय, कुणाला फरक पडत नव्हता. भाताच्या आवणीला येणाऱ्या बायका आता एव्हरशाईन सिटीच्या इमारतींत धुणीभांडी करायला जात. त्यांनाही बोल लावता येत नव्हता. घरच्या भातापेक्षा दुकानातला तांदूळ स्वस्त पडे, हे आत्मारामलाही कळत होतं.

यंदा मातीला दोघंच होती, तो आणि त्याची बायको जिजा. ख्रिस्तीआळीतला ॲन्सेल्म जमीन विकून बसला होता, तरी जुन्या घरोब्याखातर दोन दिवस आला. दुसऱ्या दिवशी डोक्यावर मातीचं घमेलं असतानाच आत्माराम पालथा पडला. जिजा आणि ॲन्सेल्मने त्याला चिखलातून ओढून काढलं. छातीचं दुखणं आहे, ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आठ दिवसांनी तो पुन्हा बांधावर होता.

आज सकाळी तो बांधासाठी अर्ज घेऊन चौथ्यांदा ठाण्याला सरकारी कचेरीत गेला होता. एकट्याचा अर्ज चालत नाही, बाकीच्यांच्या सह्या आणा, असं तिथल्या कारकुनाने समजुतीने सांगितलं. दुपारी परततो तो हे असं.

घरी येऊन त्याने कोपऱ्यातली काठी उचलली. शेजारच्या जमिनी घेणाऱ्या बिल्डरच्या माणसांखेरीज हे काम कुणाचं असणार? त्यांच्या हापिसात जाऊन एकेकाला बाहेर ओढतो, असं तो म्हणत होता. बोलताना त्याला धाप लागली.

जिजा चुलीपाशी बसली होती. ती उठली आणि दारात येऊन उभी राहिली.

"तिथं कोनी नाय," ती म्हणाली. "मी खनला."

आत्मारामला नीट ऐकू आलं नसावं. त्याने तिला बाजूला व्हायला सांगितलं. ती हलली नाही.

"सकाली तुमी गेलाव, मंग गेले. भरती चढायच्या आधी." तिचा आवाज कापत नव्हता. "आवंदा तुमाला चिखलातून काढलं. पुढल्या साली माज्यानं नाय होनार."

त्याची काठीवरची मूठ घट्ट झाली. जिजाने ती पाहिली आणि मान खाली घातली नाही. तीस वर्षं त्या शेतात तीही वाकली होती. आता तीन पावसाळ्यांनी मातीतलं मीठ धुतल्याशिवाय तिथे भात होणार नव्हतं, आणि हे तिला कुणी सांगायला नको होतं. बऱ्याच वेळाने आत्माराम उंबऱ्यावर बसला. काठी त्याने आडवी ठेवली.

बाहेर माणसांचा आवाज आला. ॲन्सेल्म पुढे होता, मागे पंधरा-वीस जण. कुणाच्या खांद्यावर फावडं, कुणाच्या हातात घमेलं. वैशाखात ज्यांना बोलावून बोलावून आत्माराम थकला होता, तेही होते.

"कोनी खनला ते आमाला कललंय, दादा," ॲन्सेल्म म्हणाला. "चल. आदी त्या बिल्डरच्या हापिसात जाऊ. मंग बांध घालू."

आत्मारामने सगळ्यांवरून नजर फिरवली.

"कोनी नाय खनला," तो म्हणाला. "उधानानं नेला."

"मी बगून आलोय, दादा."

"मी पन बगितलंय."

ॲन्सेल्म काही बोलणार होता. मग त्याला दारात उभी असलेली जिजा दिसली, आणि त्याने खांद्यावरचं फावडं खाली टेकवलं.

"मंग बांध तरी घालू," तो हळू आवाजात म्हणाला. "आज मानसं हायत."

"आज हायत," आत्माराम म्हणाला. "पुढल्या वैशाखात?"

मागच्या दोघातिघांनी घमेली पालथी घालून बूड टेकलं.

आत्मारामने मागे न बघता जिजाला सगळ्यांचा चहा ठेवायला सांगितलं. मग तो उंबऱ्यावरच जरा सरकला, आणि ॲन्सेल्म त्याच्या शेजारी येऊन बसला.