पिशवीतली मरियामाता

ऑक्टोबरभर नंदनवन वस्तीतल्या आम्हा कॅथलिकांच्या घरोघरी मरियामातेची मूर्ती फिरते. रोज संध्याकाळी ती एका घरातून दुसऱ्या घरी मुक्कामाला जाते आणि तिथं सगळे मिळून जपमाळ करतात. मूर्ती रस्त्यानं गात न्यायची, ही रीत. यंदा शहरात धर्मावरून तणाव होता, म्हणून फादर म्हणाले, मूर्ती पिशवीतून न्या, गाणी नकोत.

मला संताप आला. "देवाच्या आईला काय वांग्यांसारखं न्यायचं?" असं मी त्यांना तोंडावर विचारलं. पण मूर्ती आमच्याकडे आणायची पाळी आली, तेव्हा मीच ती टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली आणि चेनही लावली. घाबरले होते, दुसरं काय.

कोपऱ्यावर देवकीताई फाटकात उभ्या होत्या. चर्चमध्ये त्या कधी आल्या नाहीत, पण दरवर्षी फाटकाशी मातेला झेंडूचा हार घालतात. मी मान खाली घालून पुढं निघाले.

"स्टेला, थांब वं. माय कुठी आहे?"

मी पिशवी दाखवली. हार हातात धरून त्या पिशवीकडं बघत राहिल्या.

"मंग मी हार कुठी घालू? या चेनले?"

राग काढायला आज फादरही समोर नव्हते. मी चेन उघडली, टॉवेल काढला आणि मूर्ती दोन्ही हातांनी वर धरली. हार घालून झाला, तरी ती परत आत गेली नाही. घरापर्यंत मी गातच गेले, बेसूर, पण मोठ्यानं. रिकामी पिशवी घेऊन देवकीताई मागून चालत होत्या.